राखीचा रंग नेमका कोणता हो?

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी मांजरवाली बाई नव्हते. माहेरी मांजराशी माझा संबंध म्हणजे रात्री दुधाच्या पातेल्यावर जाळी नीट बसली की नाही, एवढाच. पण पोराने सहामाहीत गणितात ८० च्या वर मार्क आणले, आणि आमच्या ह्यांनी कधीतरी रविवारी तर्री-पोहे खाता खाता मूडमध्ये येऊन शब्द देऊन ठेवला होता, त्यामुळे फेब्रुवारीत महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, एक पर्शियन पिल्लू आमच्या घरी आलं. दहा आठवड्यांचं. मुलगी. किंमत सांगत नाही, कारण सासऱ्यांना वेगळी सांगितलीय आणि ते हा ब्लॉग वाचतात.

रंग म्हणाल तर राख. चुलीतली सकाळची थंड झालेली राख असते ना, वरून पांढुरकी अन् फुंकर मारली की खालून काळपट, अगदी तशी. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बघितल्याबरोबर विचारलं, "भस्म लावून आली का वो ही?" झालं, तिथेच नाव पडलं राखी. शेजारच्या काकू आल्या, त्यांचं वेगळंच. "माय वो, हे मांजर काहून असं मळलं मळलं दिसून राहिलं? आंघोळ नाही घालत का?"

ज्याच्याकडून आणलं तो मात्र छाती फुगवून सांगत होता, "ब्लू स्मोक आहे मॅडम, रेअर कलर. सेमी पंच, ट्रिपल कोट." यातलं डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस हे आपल्याकडच्या बाजारातले शब्द, नाक किती बसकं त्यावरून भाव ठरतो. आणि ट्रिपल कोट तर निव्वळ विकायची भाषा, पर्शियनला वरचे लांब केस आणि आतली मऊ लव असे दोनच थर असतात, तिसरा कुठून आणणार बिचारी. पण तेव्हा मला काय कळतंय, मी मान डोलावली. चार पिल्लं होती त्या बाळंतपणात. "चारही स्मोक निघाली मॅडम, लाइन एक नंबर आहे," हेही तो बोलला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता हा रंगाचा घोळ सुरू कुठून झाला, तर कागदावरून. आपल्याकडे पर्शियन म्हणून जी पिल्लं विकली जातात त्यातल्या बहुतेकांना कागद नसतोच, 'प्युअर आहे' हे फक्त तोंडी. याच्याकडे मात्र आईबापाचे कागद होते, त्यांच्या आजे-पणज्यांची नावं असलेले, आणि पिल्लाचाही कागद करून देतो म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म आला. जात, लिंग, जन्मतारीख, डोळ्यांचा रंग, बापाचं नाव-रंग, आईचं नाव-रंग, सगळं भरलेलं. एक रकाना रिकामा, कलर अँड पॅटर्न. खाली निरोप, "पिल्लांचा रंग फिरतो मॅडम, घाई नाही, तुम्ही फायनल करून सांगा, मी पुढे पाठवतो."

मला वाटलं यात काय, राखाडी लिहायचं. ग्रे.

तर ग्रे नावाचा रंग त्या कागदांच्या दुनियेत नाहीच हो! माझी भाची आपल्या इथल्याच व्हेटर्नरी कॉलेजला थर्ड इयरला आहे, सेमिनरी हिल्सला, तिला फोन केला तर ती हसायलाच लागली. मावशी, मांजरात राखाडीला ब्लू म्हणतात. नारंगीला रेड. फिक्कट नारंगीला क्रीम. आणि ज्याला आपण ब्राउन पट्ट्यांचं मांजर म्हणतो ना, आपल्या गल्लीतलं बोक्यासारखं, ते काही संघटनांच्या कागदावर ब्लॅक टॅबी, कारण त्याच्या पट्ट्यांचा रंग काळाच असतो, मधली जागा तपकिरी दिसते एवढंच. मग तिने कोडवर्डच पाठवले. युरोपातल्या फिफे आणि डब्ल्यूसीएफ या मांजरांची नोंद ठेवणाऱ्या संघटना सरळ अक्षरांत लिहितात, पर्शियन असेल तर पीईआर, पुढे काळ्याला एन, निळ्याला ए, तांबड्याला डी, क्रीमला ई, चांदी असेल तर एस. पट्ट्यांना आकडे. २२ म्हणजे मोठे गोल गोल भोवरे, २३ म्हणजे मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा विलायती भाऊ, त्या माशाच्या अंगावर असतात तशा बारीक उभ्या रेघा, २४ ठिपके, २५ म्हणजे पट्टा नाहीच, प्रत्येक केसावरच गडद-फिका. नागपुरात बसून मी बांगड्याचा विचार करेन असं वाटलं नव्हतं. पण एकदा ते समजलं की रस्त्यात दिसेल त्या मांजराला मी मनात कोड लावायला लागले, गोकुळपेठ मार्केटमध्ये मासळीच्या बाजूला बसणारं ते थोराड बोकोबा एन २३, पक्कं.

आमच्या राखीच्या अंगावरपण रेघा होत्या, पण कशा, उन्हात धरली तर दिसायच्या, खोलीत आणली की गायब. शेपटीवर हलकेसे कडे, कपाळावर पुसट एम. पोरगं ओरडून मोकळं, सिल्व्हर टॅबी! ह्यांचं मत ग्रे, आणि मत बदलायची त्यांना सवय नाही. माझं आपलं विक्रेत्याने सांगितलं तेच, ब्लू स्मोक, कारण जास्त पैसे त्याचेच दिले होते.

भाची म्हणाली रेघांवर जाऊ नको. एकरंगी पिल्लांच्या अंगावर लहानपणी असे भुताचे पट्टे दिसतातच. घोस्ट मार्किंग म्हणतात त्याला. कारण पट्ट्यांचा नमुना प्रत्येक मांजराच्या आत असतोच, एकरंगी मांजरात तो फक्त झाकलेला असतो, आणि पिल्लाचं झाकण अजून पातळ असतं. मोठा कोट आला की जातात. फक्त तांबड्या रंगावर हे झाकण बसत नाही, म्हणून अगदी 'एकरंगी रेड' म्हणून मिरवणाऱ्या मांजराच्या कपाळावरसुद्धा एम दिसतोच. तर रेघा बाद. मग बघायचं काय? तर म्हणे केसाचं मूळ, पायाच्या गाद्या, आणि आईबाप. वरून दिसतो तो रंग सगळ्यात शेवटी.

आईबापापासून सुरुवात केली कारण ते फॉर्मवर आयतेच लिहिलेले. आई ब्लू, एकरंगी. बाप रेड. भाचीने लगेच सांगितलं, स्मोक विसर. स्मोक होतो तो चांदीवाल्या गुणामुळे, आणि तो गुण आईबापापैकी एकात तरी दिसावाच लागतो, तो लपून दोन पिढ्यांनी उगवणारा नाही. आई साधी निळी, बाप साधा तांबडा, तर पिल्लू स्मोक होणार कुठून? मला जरा रागच आला, भाचीचा. पैसे मी दिले होते ना.

मग केस. स्मोक असेल तर मुळाशी पांढरा आणि टोकाला रंगीत, असं त्याचं गणित. रविवारी सकाळी बाल्कनीत बसून राखीला विंचरलं, स्टीलच्या बारीक कंगव्यात जे केस आले त्यातला एक उचलला आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीच्या कोऱ्या पानावर ठेवला. डोळ्यांना चष्मा, वर मोबाईलचा टॉर्च. टोकाकडचा भाग कागदावर दिसेचना, इतका फिक्कट, चंदेरी. आणि मुळाकडचा भाग, साधारण एक तृतीयांश, काळा. राखाडी नाही, काळा, पेनाने रेघ मारावी तसा. म्हणजे स्मोकच्या बरोब्बर उलटं! मी दुसरा केस घेतला, तिसरा घेतला. तेच. मग राखीच्या पाठीवर हळूच फुंकर मारली, केस बाजूला झाले आणि आत काळं. अहो पहिल्या दिवशी मीच म्हटलं होतं ना, वरून पांढुरकी अन् फुंकर मारली की काळपट. बघितलं होतं पण कळलं नव्हतं.

भाचीला फोटो टाकला. पाच मिनिटं काही नाही, मग एकदम फोनच. "मावशी, त्या माणसाला विचार, मांजरी पोटुशी असताना आजारी पडली होती का?"

विचारलं. आधी आढेवेढे, मग म्हणे हो मॅडम, चार-पाच दिवस ताप होता, खात नव्हती, पण आता एकदम फिट आहे. आणि तिथेच सगळं उलगडलं. याला फीवर कोट म्हणतात. मांजरी गाभण असताना तापली किंवा खूप ताणाखाली असली तर पोटातल्या पिल्लांच्या केसांत रंग नीट भरत नाही, पिल्लं चंदेरी-राखाडी नाहीतर मळकट क्रीम अशी निघतात, आणि नंतर जो केस मुळातून वाढतो तो आपल्या खऱ्या रंगाचा येतो. बहुतेक चार ते बारा महिन्यांत पहिला कोट झडून जातो. दुखणं नाही, औषध नाही. एकाच वेळची चारही पिल्लं स्मोक कशी, याचं उत्तरही हेच, लाइन एक नंबर वगैरे काही नाही, आईला ताप होता बिचारीला. तो माणूस खोटं बोलला असं म्हणवत नाही, त्यालाही माहीत नसावं, पण रेअर कलरचे पैसे घेताना त्याने जास्त विचार केला नाही एवढं खरं.

मी हे सगळं जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं तर बाबा भाकरी मोडत म्हणाले, "अगं सूनबाई, म्हशीची वगार पाहिली का कधी? लहान राहते तवा भुरकटच राहते, मंग होते काळी. तुमी त्या गुगलले काय इचारत बसता." बाबा वर्धेकडच्या गावातले, अख्खं बालपण गोठ्यात गेलेलं. ढवळा, पवळा, बांडा, मोरा, करडा, गुरांच्या रंगांना त्यांच्याकडे इतके शब्द आहेत की ते फिफेवाले हिरमुसतील.

पायाच्या गाद्यांचं राहिलं. हे मला फार आवडलं, कारण अगदी लहान पिल्लातही बघता येतं. निळ्या मांजराच्या गाद्या पाटीसारख्या करड्या, काळ्याच्या काळ्या, चॉकलेटच्या तपकिरी-गुलाबी, तांबड्याच्या विटकरी. भाचीला मी राखीच्या पुढच्या उजव्या पायाचा फोटो पाठवला, काळ्या कुळकुळीत जांभळांसारख्या गाद्या. म्हणजे ब्लू पण बाद, मांजर काळं. आता मी इथे एक गाढवपणा केला तो कबूल करते. मागच्या डाव्या पायाची एक गादी अर्धी गुलाबी होती. ते मी ती आली त्याच आठवड्यात बघितलं होतं आणि मला वाटलं खरचटलंय, म्हणून दोन दिवस हळद लावली. राखीने चाटून टाकली, सोफ्याच्या कव्हरला पिवळे ठसे. मग मी ते विसरूनही गेले, भाचीला सांगितलंच नाही.

मग आला उन्हाळा. नागपूरचा उन्हाळा आणि पर्शियन मांजर, यावर खरं तर वेगळी पोस्ट लिहायला हवी आणि त्यात आधी मलाच दोन शिव्या घालायला हव्यात. एप्रिलपासून ती कूलरसमोरून हलली नाही. ओल्या वाळ्याच्या ताटीचा वास आला की कान टवकारायची. लोक म्हणत होते अंगावरचे केस काढून टाका, समोरच्या बिल्डिंगमधल्या हिमालयन जातीच्या बोक्याचे काढलेत. आम्ही नाही काढले. आणि त्या हिमालयनचं काय झालं ऐका, तो दिवसभर एसीच्या खोलीत, नवीन केस आले ते पाठीवर गडद! त्या जातीत रंग तयार करणारं एन्झाइम फक्त थंड कातडीवर काम करतं, म्हणूनच नाक, कान, पंजे, शेपटी काळी आणि उबदार धड फिकं. केस काढून एसीत बसवला म्हणजे पाठ थंड, मग पाठीवर पण रंग. मालकीणबाई डॉक्टरकडे पळाल्या होत्या, कातडीचा रोग झाला म्हणून.

इकडे आमची राखी रोज थोडी थोडी झडत होती. घरभर चंदेरी पुंजके. आधी तोंड काळं झालं, मग पंजे, मग पाठीच्या कण्यावरून एक काळा पट्टा निघाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात तर फक्त मानेभोवती राखाडी मफलर उरला होता. नवतपा संपला आणि मफलरही गेला. जगात कोळशाची राख होते, आमच्याकडे राखेचा कोळसा झाला. काकूंनी येऊन बघितलं, काही बोलल्या नाहीत, पण जाताना राखी दारात आडवी बसली होती तर स्वतःच थांबून राहिल्या, ती उठेपर्यंत. पोराच्या मित्राने गुगल करून जाहीर केलं की ही तर बॉम्बे कॅट. त्याला म्हटलं बाबा, बॉम्बे कॅट आखूड केसांची असते, आणि तिचा मुंबईशी नावापुरताही संबंध नाही, म्हणजे नावापुरताच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला निकी हॉर्नर म्हणून बाई होत्या, त्यांनी बर्मीज आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर यांच्यापासून ती जात तयार केली, आपल्या काळ्या बिबट्यासारखी दिसावी म्हणून नाव ठेवलं बॉम्बे. तोंड एवढंसं झालं त्याचं.

तर मी फॉर्म उघडला, ब्लॅक लिहिलं, पीईआर एन, आणि पाठवायच्या आधी उगाच खात्री म्हणून भाचीला दाखवला. ती म्हणाली थांब. बाप रेड आहे ना? मग ही काळी असूच शकत नाही.

आता हे जरा नीट सांगते कारण मला स्वतःला तीन वेळा ऐकावं लागलं. मांजरात तांबडा रंग एक्स क्रोमोसोमवर बसतो. हे कळून खूप वर्षं झाली, पण नेमका कुठला जीन ते २०२५ मध्ये सापडलं, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड आणि जपानमधलं क्युशू, दोन्हीकडच्या टीमना, तिथे डीएनएचा सुमारे ५,००० अक्षरांचा तुकडा गायब असतो म्हणे, आणि त्यामुळे काळ्याच्या जागी तांबडा रंग तयार होतो. बोक्याकडे एक्स एकच. तो रेड असेल तर त्याच्या खिशात एकच नोट आहे आणि ती तांबडी. मुलगी झाली की तिला बापाचा एक्स मिळणारच, म्हणजे ती तांबडी नोट तिच्याकडे येणारच. दुसरी नोट आईकडून, आई निळी, आणि निळा म्हणजे फिका पडलेला काळाच, म्हणजे ती काळ्याच घराण्यातली. मुलीकडे दोन्ही नोटा, एक तांबडी एक काळी, आणि तिच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत दोन्हीपैकी एकच चालते, दुसरी बंद. हे १९६१ मध्ये मेरी लायन यांनी मांडलं होतं. म्हणून अशी मांजर ठिगळाठिगळांची असते, काळा-तांबडा मिश्र, तिला टॉर्टी म्हणतात. मुलग्यांना बापाचा एक्स मिळतच नाही, ते या बाबतीत पूर्ण आईवर. राखीचे दोन्ही भाऊ काळे-निळे निघाले होते, ते बरोबर बसत होतं. पण राखी?

रेड बापाची मुलगी नुसती काळी नसते. म्हणजे एकतर राखी नुसती काळी नाही, नाहीतर हा बाप तिचा बाप नाही.

आमच्या घरात एकदम पोलीस स्टेशनचं वातावरण. ह्यांचा आवाज चढला, "म्हणजे कागद खोटा! मी म्हटलंच होतं." त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. मी पण तापले, ब्लू स्मोकचा राग होताच, त्यात हे. विक्रेत्याला लावायला फोन हातात घेतला, आणि बाबा म्हणाले, "आधी मांजर तर नीट पाहून घ्या बापा. मंग भांडा." भाचीचं पण तेच, की कधीकधी टॉर्टीत तांबडं इतकं कमी असतं की एखाद्या बोटापुरतंच, पूर्ण अंग शोध, एकही केस सोडू नको. गालाचा स्वॅब बाहेर लॅबला पाठवून टेस्ट करता येते, पण पहिले डोळे वापर.

रात्री जेवणं झाल्यावर ट्यूबलाइटखाली पांढरा टॉवेल अंथरला. पोराने पुढचे पाय धरले, मी विंचरत गेले, हे टॉर्च धरून. पाठीच्या मध्यावर पोरगं ओरडलंच, "आई, रेड! सापडलं!" आणि खरंच होतं, पाठीवर तांबूस झाक, चांगली हातभर. मी एवढी खूश झाले की विचारू नका. एक केस काढला, वहीवर ठेवला, फोटो. भाचीचं उत्तर, "मूळ बघ." मूळ काळं. टोक तेवढं तपकिरी. ही उन्हाने विटलेली काळी, रस्टिंग म्हणतात, सकाळी सकाळी खिडकीच्या कठड्यावर बसायची सवय आहे ना बाईसाहेबांना, मे महिन्याच्या उन्हात तासभर बसली तर काळी छत्री पण विटते. (याच विटक्या काळ्या मांजरांना काही लोक चॉकलेट पर्शियन म्हणून विकतात, सांगून ठेवते, गाद्या बघा.) खरा तांबडा केस मुळापासून टोकापर्यंत तांबडा असतो.

पोट बघितलं, काखा, कानाच्या मागे, शेपटीचा बुडखा. काही नाही. राखीने एव्हाना दोनदा बोचकारलं होतं आणि तिसऱ्यांदा ह्यांना. हे म्हणाले बस झालं आता. मागचा उजवा पाय, बोटं फाकवून, काही नाही. मागचा डावा.

गादी अर्धी गुलाबी. तीच, हळदवाली. मी बोटं हळूच फाकवली तर त्या गादीच्या अगदी वर, दोन बोटांच्या बेचक्यात, केसांचा एवढासा झुपका, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. विटेच्या रंगाचा. लहानपणी तोही फिक्कट मळकटच असणार, राखाडीत कोणाला दिसतोय. चिमट्याने एकच केस ओढला, राखीने कान मागे केले पण बोचकारलं नाही. वहीवर ठेवला. पहिल्या पानावर तो जुना केस अजून सेलोटेपने लावलेला होता, चंदेरी टोक काळं मूळ, त्याच्या शेजारी हा. इकडून तिकडे तांबडा. गादी अर्धी गुलाबी अर्धी काळी का, तेही भाचीने सांगितलं, टॉर्टीच्या गाद्या अशाच चट्ट्यापट्ट्याच्या असतात, मावशी तू हे फेब्रुवारीत सांगितलं असतंस तर. मी फोन ठेवून दिला.

म्हणजे बाप तोच. कागद खरा. आणि मी त्या माणसाला रात्री साडेदहाला फोन करून काय काय बोलणार होते, देवा.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. रंग ब्लॅक टॉर्टी, कोड पीईआर एफ, पॅटर्नच्या जागी काही नाही कारण एका बोटाचा पॅटर्न काय लिहिणार. डोळे कॉपर, ते पण आधी निळेच होते, सगळ्याच पिल्लांचे असतात, दीड-दोन महिन्यांनी फिरायला लागतात, त्यामुळे 'ब्लू आइज' म्हणून कोणी सहा आठवड्यांचं पिल्लू विकत असेल तर थोडं थांबा. सोबत पुरावा म्हणून त्या बोटाचा फोटो जोडला, गादीसकट.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "टॉर्टी तर एकदम रेअर असते मॅडम, बघा, मी तुम्हाला किती स्वस्तात दिली."

मी तो ह्यांना दाखवला नाही. बाबांना दाखवला. ते वाचून म्हणाले, "म्हणजे नेमकी केवढ्याले आणली होती?"